पद्मपाणीच्या गळ्यातला सर: आमची वाटचाल

२०१४ साली मी आणि माझ्या जाऊबाईंनी घरातल्या जेवणाच्या टेबलावर दागिने करायला सुरुवात केली. छत्रपती संभाजीनगरात राहायचं आणि अजिंठा सोडून दुसरं काही सुचायचं, हे शक्यच नव्हतं. तिथल्या भिंतीवर रंगवलेला, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व म्हणजे पद्मपाणी; त्याचा चेहरा छापलेली पदकं आणि दोन्ही बाजूंना काचेचे मणी, असे आमचे पहिले हार. ते भराभर खपायचे. तरी दोन वर्षांनी आम्ही ते बंद केले, कारण बोधिसत्त्वाचा चेहरा छापून विकणं मनाला पटेनासं झालं होतं.

त्याच सुमारास पुन्हा एकदा लेणी पाहायला गेलो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, अंतराळाच्या, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या छोट्या दालनाच्या, दाराच्या डावीकडे पद्मपाणी उभा आहे. आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. बाजूने मंद उजेड आला आणि गळ्यातले मोती भिंतीतून वर आल्यासारखे उठून दिसले. मोत्यांचा सर आणि मधोमध निळा खडा. सासरे संस्कृतचे शिक्षक होते. ते म्हणाले, "ही एकावली. मेघदूतात नदीवर ओणवलेल्या ढगाला कालिदासाने हीच उपमा दिली आहे: धरणीच्या गळ्यातला एकपदरी सर, मध्ये टपोरा इंद्रनील." त्या दिवशी ठरलं, चेहरा नको, हा सर करायचा.

ठरवणं सोपं होतं. नायलॉनमध्ये ओवलेले मोती गळ्यात ताठ उभे राहत. चित्रातला सर मात्र अंगाबरोबर वळतो. सासूबाईंचा तन्मणी ज्यांनी गाठवला होता, त्या पटवेकरी काकांकडे मी सहा महिने रोज दुपारी जाऊन बसले. दोन मोत्यांमध्ये रेशमाची गाठ हवी, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटला तरी सगळे विखुरत नाहीत. काका सांगायचे, "ताई, गाठ मोत्याला टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे." ती टेकवायला सुईचं टोक गाठीत धरून ठेवायचं, रेशीम हळूहळू ओढायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी सुई काढायची. माझ्या पहिल्या चाळीस-पन्नास गाठी काकांनी कापून टाकल्या.

मोती आम्ही हैदराबादहून आणतो, गोड्या पाण्यातले. मधोमध मोठे आणि मागे उतरत्या मापाचे. इंद्रनील म्हणजे नीलम, तो आमच्या गिऱ्हाइकांना परवडणारा नाही. म्हणून लाजवर्द (लॅपिस लाझुली) हा निळा दगड घेतला, आणि तो घेण्यामागे आणखीही एक कारण आहे. अजिंठ्याच्या चित्रांतले लाल, पिवळे, हिरवे रंग आसपासच्या माती-दगडांतून केलेले. निळा मात्र लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने कुटला तोच दगड आपण ओवतोय, ही गोष्ट मला अजूनही रोमांचित करते.

याच दगडाने आम्हाला एकदा फसवलं. एका व्यापाऱ्याने लाजवर्द म्हणून रंगवलेले दगड दिले. एका ताईंचा फोन आला, घामाने ब्लाउजच्या गळ्याला निळा डाग पडलाय. विकलेले सव्वीसच्या सव्वीस हार आम्ही परत मागवून नव्याने गाठवून दिले. तो सगळा हंगाम त्यातच गेला. आता प्रत्येक नवीन मालातला मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात बुडवलेल्या कापसाने घासून पाहतो. कापूस निळा झाला की माल परत.

आज आम्ही सातजणी आहोत. एक हार गाठवायला दीड दिवस लागतो, म्हणून महिन्याला साठच्या वर ऑर्डर घेत नाही.

सध्या टेबलावर आहे तो पद्मपाणीच्या छातीवरून तिरपा उतरणारा मोत्यांचा यज्ञोपवीतासारखा सर. पद्मपाणी कमरेतून झुकून उभा आहे, म्हणून त्याच्या अंगावर सर बसतो. साडी नेसून सरळ उभ्या राहिलेल्या बाईच्या खांद्यावरून मात्र तो घसरतो. मागच्या बाजूला जड मणी लावून पाहिले, तर पदर ओढला जातो. जाऊबाई आता खांद्यावर छोटा आकडा लावून पाहताहेत.