फ्लॅटमधलं हॅम स्टेशन: आधी केबलचा रस्ता, मग अँटेना

हॅम स्टेशन म्हणजे हौशी रेडिओ स्टेशन. त्याचा अँटेना कोणता घ्यायचा हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने नंतर ठरवावं. आधी बघावं ते रेडिओच्या टेबलापासून अँटेनापर्यंत केबल किती मीटर लागेल. आमची इमारत सातमजली, फ्लॅट पाचव्या मजल्यावर. एसीच्या पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या भोकातून बाहेर, डक्टमधून वर गच्चीवर आणि तिथून जिन्याच्या खोलीच्या छतापर्यंत, असा मार्ग धरला. वजन बांधलेली सुतळी सोडून मोजला तर २० मीटर भरला. कनेक्टर कापून पुन्हा लावायची वेळ येतेच, म्हणून २ मीटर जास्त धरले. पुढचा सगळा हिशेब २२ मीटरचा.

बाल्कनीत केबल ५ मीटरांत भागली असती. पण रेडिओ बॅटरीवर चालवून १४ मेगाहर्ट्झला ऐकलं, तेव्हा एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा रेडिओवरचा मीटर) बाल्कनीत गोंगाट एस-७ होता आणि गच्चीच्या लिफ्टरूमपासून लांबच्या कोपऱ्यात एस-४. या मीटरचं एक घर ६ डेसिबलचं, म्हणजे फरक १८ डेसिबलचा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, लिफ्टची मोटर यांचा हा गोंगाट. त्याखाली दबलेलं स्टेशन कितीही चांगल्या रेडिओने वर येत नाही. तेवढा गोंगाट टळणार असेल तर केबलमध्ये एखादा डेसिबल गेलेला मला चालतो.

तो एखादाच जातो की जास्त, हे बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर ठरतं. आरजी-५८ ही ५ मिलिमीटर जाडीची केबल १४ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साडेपाच डेसिबलच्या आसपास खाते. २२ मीटरमध्ये १.२ डेसिबल, म्हणजे ५० वॉटपैकी ३८ वॉट वर पोचतात. समोरच्याला हा फरक कळतही नाही. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला ४ डेसिबलहून जास्त खाते आणि वर १९ वॉट उरतात. ४३५ मेगाहर्ट्झला तर ८-९ वॉट. रिपीटरवरून (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) येणारा सिग्नलही त्याच प्रमाणात क्षीण होतो, हे बरेच जण विसरतात. आरजी-२१३ या जाड केबलने १४५ ला सुमारे ३२ वॉट पोचतात, तशाच जाड एलएमआर-४०० ने ३९. म्हणून मी दोन वेगळ्या केबल घेतल्या: एचएफसाठी (३० मेगाहर्ट्झच्या खालचे बँड) आरजी-५८, व्हीएचएफ-यूएचएफसाठी (इथे १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झ) एलएमआर-४००. माझा अँटेनापेक्षा जास्त खर्च या जाड केबलवर झाला आणि तो योग्यच होता.

डिशटीव्हीची आरजी-६ सगळीकडे स्वस्तात मिळते आणि १४५ मेगाहर्ट्झला तिचा लॉसही आरजी-२१३ च्या जवळपास असतो. फक्त ऐकायचं असेल तर ती खुशाल वापरावी. पण ती ७५ ओहमची असते (हॅम रेडिओ ५० ओहमसाठी बनवलेले असतात), तिची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डर घेत नाही, आणि आतली तार बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी असते.

२ मीटर बँडसाठी (तोच १४५ मेगाहर्ट्झचा) ग्राउंड प्लेन अँटेना, म्हणजे एक उभी सळई आणि खाली पसरलेल्या सळया, घरीच केला. चार भोकांचा एसओ-२३९ सॉकेट, मध्ये ३ मिलिमीटर पितळी सळईचा ४९ सेंटिमीटरचा उभा तुकडा, चार कोपऱ्यांत ५२ सेंटिमीटरच्या सळया, म्हणजे रेडियल. रेडियल आडवे ठेवले तर इम्पीडन्स ३५ ओहमच्या आसपास राहतो. ४५ अंश खाली वाकवले की ५० च्या जवळ येतो. सॉकेटच्या वरच्या तोंडाशी सळईभोवती एम-सील भरायचं राहिलं तर पहिल्याच पावसात पाणी आत जातं.

एचएफसाठी गच्चीवर सलग १२ मीटर मोकळे मिळत होते. ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) डायपोलला, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या अर्ध्या लहरीच्या तारेला २० मीटर लागतात, तो बसत नव्हता. म्हणून २० आणि १० मीटर बँडसाठी (१४ आणि २८ मेगाहर्ट्झ) टोकाकडून फीड होणारी अर्धलहरी तार निवडली. एफटी-२४०-४३ या फेराइट रिंगवर २ आणि १४ वेढे, म्हणजे ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. प्राथमिक वेढ्यांना समांतर १०० पिकोफॅरड, १ किलोव्होटचा कपॅसिटर. हे सगळं इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या जंक्शन बॉक्समध्ये बसवलं आणि बॉक्सच्या तळाला आत साचणारं पाणी गळून जायला एक बारीक भोक ठेवलं.

तार घरगुती वायरिंगची, दीड स्क्वेअर मिलिमीटरची. पीव्हीसीच्या वेष्टनामुळे ती उघड्या तारेपेक्षा थोडी आखूड लागते. सुरुवात १०.३ मीटरने केली. नॅनोव्हीएनए या अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर डिप (तार ज्या फ्रीक्वेन्सीला जुळते ती खोच) १३.८ मेगाहर्ट्झला आला, हवा होता १४.१५ ला. लांबी गुणिले मिळालेली फ्रीक्वेन्सी, भागिले हवी असलेली: १०.०४ मीटर. तार लगेच कापू नये. टोक मागे दुमडून तिच्यावरच घट्ट गुंडाळावं, पुन्हा मोजावं, मग ठरवावं. ५० वॉटला या तारेच्या टोकाशी ४०० व्होल्टच्या वर ताण येतो, तेव्हा कपडे वाळत घालायच्या जागेपासून ती दूर आणि हाताला न लागेल इतकी उंच हवी.

बॉक्सच्या अर्थ बाजूला १ मीटर तार काउंटरपॉइज (अँटेनाची दुसरी बाजू) म्हणून लावली आणि लगेच पुढे चोक: एफटी-२४०-३१ रिंगवर आरजी-५८ चे १२ वेढे. हा चोक नसेल तर केबलची जाळीच अँटेनाचं काम करू लागते. बोलताना इंटरकॉम खरखरतो आणि घरातला गोंगाट केबलवरून अँटेनापर्यंत चढतो. मग तार गच्चीवर नेण्याचा सगळा फायदा गेला.

पीएल-२५९ ला (एसओ-२३९ मध्ये बसणारा केबलचा प्लग) २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. धातू तापेपर्यंत आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि मधली तार सरकते. ८० वॉटचं घ्यावं. केबल अँटेनाला जोडण्याआधीच मल्टिमीटरने तपासावी, कारण ४९:१ ट्रान्सफॉर्मर जोडल्यावर मधली तार आणि जाळी शॉर्ट दिसणारच. तो दोष नसतो. डक्टमध्ये दर मीटरला प्लॅस्टिकचा काळा केबल टाय, तोही केबल चेपेल इतका आवळायचा नाही. पांढरे टाय उन्हाने तडकतात. वळणाला १० सेंटिमीटर त्रिज्या ठेवली. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. कनेक्टरवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप, वर साधी पीव्हीसी टेप. ढग गडगडायला लागण्याआधी दोन्ही केबल रेडिओपासून सोडवतो आणि त्यांची टोकं खिडकीबाहेरच्या, अर्थिंग केलेल्या पट्टीवर लावतो.

एसडब्ल्यूआर हा आकडा अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते सांगतो; १ म्हणजे काहीच नाही. तो कमी दिसला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नये. २२ मीटर आरजी-५८ च्या वरच्या टोकाला काहीच न जोडता ४३५ मेगाहर्ट्झला मोजलं तरी मीटर १.४ दाखवतो. परत येणारी शक्ती केबलच गिळून टाकते. पाणी शिरलेली केबलही अशीच सुंदर आकडे देते. खरी तपासणी याच गुणावर होते: वरचं टोक उघडं ठेवून खालून रिटर्न लॉस (पाठवलेल्यापेक्षा परत आलेली शक्ती किती डेसिबलने कमी) मोजायचा आणि निम्मा करायचा. तो केबलचा एका बाजूचा लॉस. माझ्या एलएमआर-४०० ला १४५ मेगाहर्ट्झवर रिटर्न लॉस २.२ डेसिबल आला, म्हणजे लॉस १.१. हा आकडा मार्करने केबलच्या खालच्या टोकावर लिहून ठेवला आहे. दर वर्षी मे अखेरीस पुन्हा मोजतो. आकडा वाढला तर पहिल्यांदा गच्चीवरच्या कनेक्टरची टेप सोडतो.