आप्पांना दाखवलेली मंडई

रविवारी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल वर धरून एल बोर्न या जुन्या मंडईचं छत दाखवलं. आप्पा म्हणजे जन्मभर रताळ्याची पोती घेऊन पहाटे बेळगावच्या मार्केटात हजर असणारा माणूस, त्यामुळं बार्सिलोनात आल्यापासून ही मंडई त्यांना दाखवायचीच हे मनात होतं.

१८७६ ची बिल्डिंग, सगळी लोखंडी, मधे आठकोनी घुमट आणि बाजूनं काचेच्या पट्ट्या. १९७१ पर्यंत इथं फळं-भाजीचा होलसेल बाजार चालायचा, मग व्यापारी गावाबाहेरच्या यार्डात गेले, आपल्याकडं भाजी मार्केट एपीएमसीत हललं तसंच की. रिकामी मंडई पाडायचं चाललेलं, पण आसपासच्या गल्ल्यांतले लोक उठले म्हणून वाचली. पुढं आत लायब्ररी करायचं ठरलं, त्यासाठी खोदकाम केलं तर खाली अख्खी वस्तीच निघाली! १७१४ ला वेढ्यात शहर पडल्यावर स्पेनच्या पाचव्या फिलिप राजाच्या माणसांनी किल्ला बांधायला पाडलेली ती रिबेरा वस्ती. लायब्ररी रद्द झाली आणि ११ सप्टेंबर २०१३ ला, म्हणजे शहर पडलं त्याच तारखेला, सांस्कृतिक केंद्र म्हणून मंडई उघडली. मधल्या हॉलला तिकीट नाही, कुणीही यावं.

कठड्याला टेकून खाली बघितलं की गल्ली दिसते, खरीखुरी, दगडी फरशीची, मधनं गटार गेलेली, एका घराची विहीर आणि झिजलेला उंबरा. मी त्या उंबऱ्याकडं किती वेळ बघत होतो काय सांगू. त्याच राजाच्या १७१६ च्या हुकुमानं इथल्या वरच्या कोर्टातनं कातालान, म्हणजे इथल्या लोकांची भाषा, गेली, कारभार स्पॅनिशमधे सुरू झाला. बसवरच्या बोर्डात मराठी शोधत वाढलेल्या माणसाला हे कळायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही, आणि आज त्याच अवशेषांवरच्या पाट्या आधी कातालानमधे आहेत हे बघून मला फार बरं वाटलं, अगदी आतनं.

आप्पा मात्र खांबच बघत होते. "जरा खाली घे रे मोबाईल," म्हणाले, मग बराच वेळ गप्प. "हमाल कुठं टेकत असतील रे पोती?"

मी खांबाजवळ गेलो आणि बुडाशी कॅमेरा धरला.