ओवी कुणाची?

"मग ओवी कुणाची म्हणायची गं?" आईने मेथी निवडता निवडता विचारलं आणि मी एकदम थांबलेच.

लेकीचा एमएचा पेपर आहे, तिला 'लेखकाचा मृत्यू' समजावत होते. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थचा १९६७ चा निबंध, लिहून झालं की लेखकाच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवायचं, अर्थ वाचणाऱ्यापाशी तयार होतो, वगैरे वगैरे.

आई म्हणाली, "सासूबाईंची ओवी मी जात्यावर म्हणायचे, फक्त त्यांच्या भावाच्या जागी माझ्या दादाचं नाव घालायचे. झाली की माझी."

लेकीच्या वहीत दोन पानं भरली होती पण तिला ते खरं कळलं ते ह्या एका वाक्याने, चेहऱ्यावर दिसलंच.

मला मात्र दिवसभर दुसरंच टोचतंय. बार्थ ज्या लेखकाला बाजूला करतो त्याचं नाव आधी पुस्तकावर ठळक छापलेलं असतं. आमच्या ओव्या रचणाऱ्या बायकांचं नाव कुठे होतं? म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या संशोधकांचं काम मला फार मोठं वाटतं, लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि ओव्यांसोबत गाणारीचं नाव, गाव लिहून ठेवलं. तिकडे लेखकाचं नाव पुसायची भाषा आणि इकडे पहिल्यांदाच नाव लिहिलं जातंय.

संध्याकाळी आईला म्हटलं, सासूबाईंची ती ओवी सांग, लिहून घेते. तिने सांगितली. आणि खाली नाव कुणाचं टाकू विचारलं तर बराच वेळ बोललीच नाही.

तुम्ही कुणाचं टाकलं असतं?