पार्टीच्या प्रसंगाचे दोन टेक

न्यू ऑर्लिन्समध्ये ऑगस्टमध्ये ऑडिओबुक रेकॉर्ड करायचं म्हणजे बूथचा एसी बंद ठेवून वाचणाऱ्याला वाफेवर शिजवायचं. बाकी काम सोपं. वाचणारा अडखळला की थोडं मागे जायचं, त्याच्या कानात त्याचंच वाक्य वाजवायचं आणि तिथून त्याने पुन्हा उचलायचं. नंतर मी बसून ओठांचे चटचट आवाज, पोटाची गुरगुर वगैरे वेचून काढतो.

त्या दिवशीची कादंबरी होती शहरातल्या वर्गांवरची. अपटाउनच्या खानदानी बाईंच्या मुलीचं नाइन्थ वॉर्डमधल्या विधवेच्या मुलाशी जमतं आणि दोन्ही आया कार्निव्हलच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या पार्टीला, समोरासमोर येतात. लॉस एंजेलिसहून आणलेल्या नटाने विधवेला सिनेमातल्या अमेरिकन दक्षिणेच्या मालकिणीसारखं लांबवत, लाडिक वाचलं. बाहेरच्यांची नेहमीची चूक. इथली कामगारवस्ती तशी बोलतच नाही. या बंदरात आयरिश, जर्मन, इटालियन माणसं उतरली आणि त्यांच्या नातवंडांची बोली ब्रुकलिनच्या जवळची झाली. ऑइलचं ‘अर्ल’, टॉयलेटचं ‘टर्लेट’, सिंकचं ‘झिंक’. कॅलिओपी नावाचा रस्ता इथे कॅलिओप आहे. विधवेने हे चुकवलं तर गावातला ऐकणारा पहिल्याच पानावर फाइल बंद करील.

म्हणून निर्मात्याने शॅलमेटहून एक निवृत्त कॅशियर बाई आणल्या. २००५च्या कट्रिना वादळाआधी त्या लोअर नाइन्थमध्ये, म्हणजे विधवेच्याच वॉर्डात, राहायच्या. माइक आयुष्यात पाहिला नव्हता, पण विधवा अशी वाचली की मला एकही पिकअप, म्हणजे चुकलेल्या वाक्याचं पुन्हा रेकॉर्डिंग, घ्यावा लागला नाही.

कंट्रोल रूममध्ये सोफ्यावर आमच्या आश्रयदात्या बसल्या होत्या. प्रकल्पाचे पैसे त्यांचे, घर गार्डन डिस्ट्रिक्ट या श्रीमंत वस्तीत. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. किराणा आणण्याला इथली वस्ती म्हणते त्या ‘मेकिंग ग्रोसरीज’ला तर टाळ्याच. मग मला म्हणाल्या, “अजून जरा ठसठशीत करायला सांगा ना.” पैसे देणाऱ्याला दिग्दर्शन फुकट मिळतं असा या धंद्यातला समज आहे.

खानदानी बाईंचं काम करणारी नटी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. वेळ जाऊ नये म्हणून मी कॅशियरबाईंनाच म्हटलं, “मॅडम, समोरची बाजूही वाचून ठेवा, नुसती अंदाजाला.”

त्यांनी आवाज चढवला नाही, नाक मुरडलं नाही. उलट हळू बोलल्या. शब्दाच्या शेवटचा ‘र’ गिळला आणि वाक्य पुरं करायचं समोरच्यावर सोडलं. बॉलमध्ये ती बाई विधवेला विचारते, “तुम्ही कुठल्या शाळेत होतात?” या शहरात या प्रश्नाचा अर्थ हायस्कूल, आणि उत्तरातून वस्ती, धर्म, बापाची कमाई सगळं कळतं. कॅशियरबाईंनी तो इतक्या मायेने विचारला की बूथबाहेर मला ओशाळल्यासारखं झालं. जन्मभर काउंटरच्या पलीकडून ऐकलेला आवाज होता तो.

निर्माता हसला, मी हसलो. सोफ्यावरून मात्र हळू आवाजात, ‘र’ गिळून आलं, “असं कुणी बोलत नाही, माय डियर…”

मग अर्धा तास ‘अतिरंजित’, ‘कटुता’ वगैरे. याच वर्गाच्या कोमस नावाच्या कार्निव्हल मंडळाने १८७३च्या मिरवणुकीत मुखवटे चढवून डार्विनची आणि तेव्हाच्या सरकारी अधिकाऱ्यांची यथेच्छ टर उडवली होती. आणि १९९१मध्ये रस्त्यावर मिरवायचं तर सभासद घेताना भेदभाव चालणार नाही असा नियम झाला, तेव्हा मंडळाने मिरवणूकच सोडली. बॉल चालू ठेवला, बंद दारामागे.

मी साताऱ्याकडचा. पुण्यात कॉलेजला माझ्या ‘पानी’वर पोरं हसायची. सुट्टीत गावी गेलो की पेठेतल्या शुद्ध बोलीची नक्कल आम्हीही झकास करायचो. फक्त ती ऐकायला पेठेतलं कुणी नसायचं. त्या दिवशी ऐकायला बसलेलं होतं, एवढाच फरक.

नटी आली, तिने चोख काम केलं. स्वच्छ, मोजकं आणि निर्जीव. कॅशियरबाई ठरलेले पैसे घेऊन घरी गेल्या; आपला दुसरा टेक वादात आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. पहिल्या टेकमधली विधवा मात्र सर्वानुमते पास झाली. तिच्यात अतिरंजित कुणालाच काही वाटलं नाही.

दोन्ही टेक माझ्याकडे आहेत. परवा निर्मात्याला फोन करून म्हटलं, कॅशियरबाईंचा ठेवू या. शाळेच्या वाक्यावर त्यांचं ब्रेसलेट टेबलाला लागलंय, पण तेवढं मी साफ करतो.

तो म्हणाला, “अरे, ब्रेसलेटचा प्रश्नच नाहीये.”