हिलो: पाऊस धरूनच बेत आखा

हवाईच्या मोठ्या बेटावर येणारे बहुतेक जण पश्चिमेच्या कोरड्या कोना भागात उतरतात आणि ज्वालामुखीसाठी एक दिवस डोंगर ओलांडून धावती चक्कर मारतात. आम्ही मुद्दाम पूर्वेच्या हिलो बंदरात राहिलो. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून पर्यटक बिचकतात. कोकणात पावसाळे काढलेल्यांनी बिचकायचं कारण नाही. सरी बऱ्याचदा रात्री आणि पहाटे कोसळतात आणि त्यामुळेच सकाळी धबधबे भरलेले मिळतात.

रेनबो फॉल्स गावातच आहे, वाइलुकू नदीवर. उंची जेमतेम २५ मीटर, तिकीट नाही. सकाळी ऊन पाठीशी असतानाच जा. दुपारी तुषारांतलं इंद्रधनुष्य दिसत नाही. पायऱ्या चढून वर गेलात की पारंब्यांचा प्रचंड वड आहे. नदीत मात्र उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक चढतं.

मग उत्तरेला आकाका धबधबा. १३५ मीटरची एकसंध धार, पाहायला छोटी गोल पायवाट. हवाईबाहेरच्यांना माणशी ५ डॉलर आणि गाडीचे १० डॉलर वेगळे. वाटेत मोठा हमरस्ता सोडून ओनोमेआचा जुना रस्ता घ्या. त्यावरचं उष्णकटिबंधीय उद्यान दरीतून थेट समुद्राकाठी उतरतं. तिकीट स्वस्त नाही, पण वसूल होतं. उतार तीव्र आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी परतीचा चढ लक्षात घ्यावा. डासांचं मलम हवंच.

गावातलं लिलिउओकलानी उद्यान फुकट आहे. हवाईच्या शेवटच्या राणीचं नाव, धाटणी जपानी: उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या जपान्यांची ही आठवण. समुद्राकाठी एवढी मोकळी हिरवळ कशी, असा प्रश्न पडतो. १९४६ आणि १९६०च्या त्सुनामींनी इथली वस्ती धुऊन नेली, त्यानंतर तिथे पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. जवळच रस्त्याकडेला १९६०च्या लाटेच्या वेळी, १ वाजून ४ मिनिटांनी, थांबलेलं घड्याळ तसंच ठेवलंय.

ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान ५० किलोमीटरवर, पण १,२०० मीटर उंचीवर आहे. खाली घाम, वर हुडहुडी. स्वेटर आणि रेनकोट दोन्ही घ्या. पेट्रोल हिलोतच भरा. गाडीमागे ३० डॉलर, फक्त कार्डाने, आणि पास ७ दिवस चालतो. म्हणून दोनदा जा: दिवसा लाव्ह्याच्या बोगद्यासाठी आणि किलाउएया इकी विवराच्या गोठलेल्या तळावरून चालायला, अंधारात हालेमाउमाउ विवराच्या काठावर. डिसेंबर २०२४पासून तिथे लाव्ह्याची कारंजी अधूनमधून उसळताहेत, मधले कित्येक दिवस नुसती वाफ. निघण्याआधी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा. दम्याचा त्रास असेल तर गंधकाच्या धुराचा अंदाजही. दगड उचलून आणू नका; कायद्याने मनाई आहे, शिवाय ही ज्वालामुखीची देवी पेले हिची जागा.

शाकाहाऱ्यांचे थोडे हाल होतात. हिलोची शान म्हणजे लोको मोको: भातावर मांसाची टिक्की, अंडं आणि रस्सा. आमची सोय गावातल्या शेतकरी बाजाराने केली. बुधवारी आणि शनिवारी तो सगळ्यात भरतो. पपई, रांबुतान, अवाकाडो पोटभर.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात हुला या हवाईयन नृत्याचा मोठा महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. एरवी मिळतात, पण झाडीलगतची घेणार असाल तर कानात घालायचे बोळे न्या. पोर्तो रिकोहून आलेले कोकी बेडूक अंगठ्याएवढेही नसतात आणि रात्रभर ओरडतात.