विती-बोटांनी मोजलेला डायनर : लंच कारचं मॉडेल, टप्पा चौथा

मंडळी, काल रात्री साडेअकराला माझ्या मॉडेल डायनरमधलं दहावं स्टूल जागेवर बसलं. डायनर म्हणजे कारखान्यात बांधून आणलेली, लांबट डब्यासारखी अमेरिकी खानावळ; तिलाच लंच कारही म्हणतात. दहाही एका ओळीत, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक इंच. आपल्या १:२४च्या प्रमाणात एक इंच म्हणजे खऱ्या डायनरमधले दोन फूट. छत अजून बाजूलाच ठेवलंय. वरून पाहिलं की पाच इंच रुंद आणि पंधरा इंच लांब अशी ती सगळी लंच कार नजरेत मावते. बराच वेळ मी नुसती बघत बसले होते.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहते. शेजारचं शहर वूस्टर. स्पेलिंग वाचून वॉर्सेस्टर म्हणावंसं वाटतं, पण इथे सगळे वूस्टरच म्हणतात. तिथल्या वूस्टर लंच कार कंपनीनं १९०६ ते १९५७ या काळात ६५१ डायनर तयार केले. कारखान्यात पूर्ण बांधायचा, आतल्या फरशीपासून काउंटरपर्यंत सगळं बसवायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन पाणी, गॅस, वीज जोडून द्यायची, असं ते काम. प्रत्येकाला क्रमांक. सुरुवात २००पासून केली म्हणून शेवटचा क्रमांक ८५०. साउथब्रिज स्ट्रीटवर कारखान्याच्या समोरच उभा असलेला ‘मिस वूस्टर’ हा ८१२ क्रमांकाचा, १९४८चा. श्रूजबरी स्ट्रीटवरचा ‘बुलेवार्ड’ ७३० क्रमांकाचा, १९३६चा. माझं मॉडेल यातल्या कुठल्याच एकाची नक्कल नाही. चाळीसच्या दशकातली, गोल छताची, एकाच ओळीत स्टुलं असलेली छोटी लंच कार मला करायची आहे.

आता मापांचं. डायनरमध्ये मोजपट्टी काढून बसणं मला कधीच बरं वाटलं नाही. शेजारी माणूस शांतपणे अंडी खातोय आणि आपण त्याच्या कोपराखालून टेप सरकवायची, हे जमणारं नाही. म्हणून मी आजीची पद्धत धरली. ती पोलक्याचं कापड विती-बोटांनी मोजायची. माझी वीत साडेसात इंचांची, दोन बोटं दीड इंचाची. कॉफी येईपर्यंत काउंटरच्या कडेवर हात ठेवायचा आणि मोजायचं. एका स्टुलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत तीन विती दोन बोटं, म्हणजे चोवीस इंच. काउंटरची रुंदी तीन वितींना थोडी कमी. घरी आल्यावर कागदावर मांडलं आणि चक्रावले, कारण सगळं इतकं चोख बसत होतं.

बाहेरून दहा फूट रुंदी धरा. दोन्ही भिंती वजा जाता एकशे बारा इंच उरतात. मागच्या बाजूची शेगडी आणि कपाटं चोवीस इंच. स्वयंपाक्याला उभं राहून वळायला तीस. काउंटर वीस. स्टूल आणि बसलेल्याचे पाय अठरा. उरले वीस इंच, तेवढ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यानं अंग तिरकं करून सरकायचं. माझ्या आराखड्यातला एकही आकडा वाढवायचा म्हटलं की दुसरा कुठला तरी कापावा लागतो. आणि माझं मत आता पक्कं झालंय की डायनरची सगळी ओढ याच आकड्यांत आहे. निऑन, क्रोम, लाल गाद्या हे नंतरचं. माणूस तिथे एकटा येतो आणि एकटा राहत नाही, कारण शेजाऱ्याला मीठ मागावंच लागतं आणि अंडं फोडणारा हात तुमच्यापासून एका पावलावर असतो.

ही रुंदी कुठून आली? चाकांमुळे. १८७२मध्ये प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोड्याची गाडी घेऊन रात्री एका वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर उभा राहायचा आणि रात्रपाळीवाल्यांना खायला विकायचा. गिऱ्हाईक रस्त्यावर, तो गाडीत. १८८७मध्ये वूस्टरला सॅम्युअल जोन्सनं गिऱ्हाइकाला आत घेणारी गाडी आणली, म्हणजे पावसाबर्फात उभं राहायला नको. पुढे अनेक गावांनी या गाड्यांवर वेळेची बंधनं घातली. मग मालकांनी रस्त्याकडेला जागा घेतली आणि गाडी कायमची तिथे टेकवली. चाकं गेली, पण बांधणी गाडीचीच राहिली, कारण कारखान्यातून निघालेला डायनर रस्त्यानं किंवा रेल्वेनं न्यायचा तर त्याला रुंदीची मर्यादा आलीच. सगळे डायनर म्हणजे रेल्वेचे जुने डबे, हा समज मात्र मनातून काढा. जुन्या ट्रॉलीगाड्यांचे डायनर काहींनी केले, ते खरं. पण बहुतेक डायनर पहिल्या खिळ्यापासून डायनर म्हणूनच बांधले गेले.

स्टुलं कशी केली ते बऱ्याच जणांनी विचारलं होतं. गादीसाठी कोटाची पंधरा मिलिमीटरची बटणं घेतली. एका जुन्या पर्सचं लाल रेक्झिन साबणाच्या गरम पाण्यात भिजवून मऊ केलं, बटणावर ताणून मागे दोऱ्यानं आवळलं आणि वाळल्यावर सुपरग्लूचा एकच थेंब दिला. कडेनं क्रोम फॉइलची दोन मिलिमीटर पट्टी. दांडा दोन मिलिमीटरच्या पितळी नळीचा. खाली टिचबटणाचा खळगा असलेला अर्धा भाग उलटा लावला, तो जमिनीला बोल्ट केलेल्या बैठकीसारखा हुबेहूब दिसतो. जमिनीपासून गादीपर्यंत बत्तीस मिलिमीटर. पहिली चार स्टुलं डोळ्याच्या अंदाजानं लावली आणि चारही वेगवेगळ्या उंचीची झाली. मग लाकडाच्या तुकड्यात भोक पाडून साचा केला, त्यात नळी घालायची आणि वरून कापायची. हे पहिल्या दिवशीच करा.

फरशीचं काम मागेच दाखवलं होतं, पण एक भर घातली आहे. गिऱ्हाइकाच्या बाजूला चाळीस गुणिले तीनशे सत्तर, म्हणजे १४,८०० फरशा मी एक मिलिमीटरच्या घरांत कोरल्या होत्या. काठाला गेरूचा पट्टा, बाकी फिकट पिवळी. रंग छान बसला, तरी काहीतरी खोटं वाटत होतं. पुढच्या शनिवारी काउंटरवर बसल्यावर खाली वाकून पाहिलं. काउंटरच्या पायथ्याशी पाय टेकायला फरशीची पायरी असते. तिची कड प्रत्येक स्टुलासमोर दोन ठिकाणी झिजलेली होती, उजव्या आणि डाव्या बुटाची जागा. झिलई गेली होती आणि आतली भाजलेली माती दिसत होती. दोन स्टुलांच्या मधे मात्र फरशी नव्यासारखी चकचकीत. घरी येऊन दहा स्टुलांसमोर दोन-दोन अशा वीस जागा बारीक पॉलिश पेपरनं घासल्या आणि त्यावर पातळ तपकिरी हात दिला. आता तिथे माणसं बसून गेल्यासारखी वाटतात.

बाहेरच्या पत्र्यांनी तीन आठवडे खाल्ले. वूस्टरच्या लंच कारची ओळख म्हणजे एनॅमलचे पत्रे. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड वितळवून भट्टीत भाजायची, आणि अक्षरंही त्याच काचेत भाजलेली. म्हणून ऐंशी वर्षांनंतर ओल्या फडक्यानं पुसलं तरी लाल अक्षर लालच निघतं. आपल्याकडे हे दाखवायला स्टायरीन शीट (पातळ प्लास्टिक), फिकट पिवळा ग्लॉस रंग आणि डेकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेली, चिकटवायची अक्षरं. अडचण अशी की डेकलची कड दिसते, आणि खऱ्या पत्र्यावर अक्षराला कड नसते, ते काचेच्या आत असतं. मी डेकलवर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, एकदम जाड मारला. दहा मिनिटांत ‘डायनर’ शब्दातली सगळी अक्षरं सुरकुतली. पत्रा फेकला. दुसऱ्या वेळी लांबून नुसता धुक्यासारखा हात दिला, तासभर थांबून पुन्हा तसाच, असे पाच हात, आणि सहावा ओला. दोन दिवस वाळू दिल्यावर २०००, ३००० आणि ६००० नंबरच्या पेपरनं पाण्यातून घासलं. बोट फिरवल्यावर अक्षर लागत नाही, फक्त दिसतं. ज्यांनी एनॅमलचं कप-ताट हातात धरलंय त्यांना हा स्पर्श लगेच ओळखू येईल.

दाराशेजारी एक छोटी पाटी लावली आहे, ‘लेडीज इन्व्हाइटेड’. सुरुवातीच्या लंच कारमध्ये बहुतेक पुरुषच यायचे, रात्रपाळीचे कामगार. विसाच्या दशकात मालकांना बायकांनीही यावंसं वाटू लागलं. तेव्हा अशा पाट्या लागल्या, उंच स्टुलांच्या जोडीला टेबलं आणि बाकं आली. ही पाटी लावताना मला दुसरी गोष्टही आठवत होती. १९६१मध्ये मेरीलँडच्या रूट ४० वर आफ्रिकेतल्या चाड देशाच्या राजदूतांना ते काळे आहेत म्हणून डायनरमध्ये वाढायला नकार दिला गेला, आणि ते प्रकरण थेट केनेडी सरकारपर्यंत गेलं. ज्या काउंटरवर मी दर शनिवारी निवांत बसते, तसल्या काउंटरवर बसू देण्यासाठी लोकांना झगडावं लागलं. जुन्या डायनरवर प्रेम करताना मला हे बाजूला ठेवता येत नाही, आणि ठेवायचंही नाही.

मधे एका रविवारी आम्ही ऱ्होड आयलंडला पॉटकेटचा ‘मॉडर्न डायनर’ पाहून आलो. हा वूस्टरचा नाही, मेरिमॅकच्या जडकिन्स कंपनीचा, स्टर्लिंग स्ट्रीमलायनर नावाच्या प्रकारातला. एक टोक वेगवान आगगाडीच्या इंजिनासारखं निमुळतं. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलेला हा पहिला डायनर, १९७८मध्ये. मॉडेल करायला अवघड आणि देखणा, पण माझा जीव साध्या गोल छतातच आहे. छताबद्दल एवढंच सांगते की पाऊण मिलिमीटरची शीट गरम पाण्यात धरून डब्याभोवती वळवली आणि रात्रभर बांधून ठेवली. एका दमात जमलं.

आता काउंटरमागची भिंत. स्टेनलेसचा हूड, खाली तवा, शेजारी टोस्टर, मग पाय (pie) या भाजलेल्या गोड पदार्थाचं काचेचं कपाट, आणि अगदी टोकाला, दाराजवळ, कॉफीचा मोठा अर्न, म्हणजे नळ असलेलं उंच भांडं. तो दिसायला सुरेख झाला होता आणि दारातून पाहणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसावा म्हणून मी टोकाला चिकटवला. फोटो घेऊन नेहमीच्या डायनरमध्ये गेले. तिथले स्वयंपाकी माझ्या मॉडेलची दर आठवड्याला चौकशी करतात. त्यांनी उलथनं खाली ठेवलं, हात पुसले, फोन डोळ्याजवळ धरला आणि विचारलं, “कॉफी इतकी लांब कशी? सगळ्यात जास्त काय ओततो आम्ही?”

त्यानंतर मी पाऊण तास त्यांचे पाय बघत बसले. ते जवळजवळ चालतच नव्हते. एक पाय तव्यासमोर रोवलेला, दुसऱ्यावर वळायचं. डावीकडे अंडी, उजवीकडे टोस्टर, मागे वळलं की काउंटर, अर्ध्या पावलावर कॉफी. ऑर्डर लिहून द्यायची गरज नाही, वेट्रेसनं नुसतं म्हटलं तरी ऐकू येतं. जुन्या काळी या हाकांची वेगळी भाषाच होती. टोस्टवर दोन पोच्ड अंडी म्हणजे ‘अ‍ॅडम अँड ईव्ह ऑन अ राफ्ट’, तराफ्यावरचे आदम आणि हव्वा. आपल्याकडचा वेटर ‘दोन कटिंग, एक बनमस्का’ अशी हाक आत देतो, त्याच घराण्यातली ही हाक. वेट्रेसनं मला लाडानं ‘हन’ (‘हनी’चं छोटं रूप) म्हणत कप पुन्हा भरला तेव्हा ती अर्नपासून माझ्यापर्यंत किती पावलं आली तेही मोजलं. तीन.

तीस इंचांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कागदावर ती ‘वळायची जागा’ होती. प्रत्यक्षात दहा जणांचा नाश्ता एका माणसाला हलवता येतो तो त्यामुळे. फूटभर जास्त दिली तर त्याला प्रत्येक अंड्यामागे पाऊल टाकावं लागेल, आणि सकाळच्या गर्दीत एवढी पावलं टाकायची तर दुसरा माणूस लागेल.

म्हणून भिंत उखडली. सुपरग्लू सुटावा म्हणून सगळं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, सकाळी कटरच्या पात्यानं हलकेच उचकटलं. पायच्या कपाटाची एक काच तडकली, ती नवी कापावी लागेल. अर्न आता पाचव्या आणि सहाव्या स्टुलाच्या समोर आहे, तव्यापासून अर्ध्या पावलावर. स्वयंपाकी म्हणून तीन इंच उंचीचा पुठ्ठ्याचा माणूस कापून उभा केला आणि त्याला टाचेवर फिरवून पाहिलं. हात तव्याला पोचतो, टोस्टरला पोचतो, कॉफीला पोचतो. टोस्टर अजून दोन मिलिमीटर अलीकडे हवा असं वाटतंय.

पुढच्या टप्प्यासाठी हे उरलंय: अर्नचे तीन नळ, पितळी तारेचे. पायच्या कपाटाची काच. छताखालची वायरिंग, एलईडी पिवळट उजेडाचे आणले आहेत, पांढऱ्यात फरशी मेल्यासारखी दिसते. खिडक्यांच्या वरच्या भागाला रंगीत काच कशी करायची ते कुणी केलं असेल तर सांगा. शनिवारी नवे फोटो घेऊन परत त्याच काउंटरवर जाणार आहे. टोस्टर तोपर्यंत चिकटवणार नाही.