यूएस की ईसी? कॅरिबियन बेटांवरचा सुट्ट्या पैशांचा हिशेब

कॅरिबियन क्रूझ करून आल्यापासून नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत मला समुद्राबद्दल कुणी फारसं विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "जेवणाचं काय केलंत?" आणि लगेच दुसरा, "पैसे कुठले नेले होते?" जेवणाचं सांगायला सोपं आहे. जहाजावर वरण-भातासारखं काहीतरी रोज मिळायचं आणि बॅगेत चिवडा होताच. पैशांचं उत्तरही खरं तर एका वाक्याचं आहे: अमेरिकन डॉलर न्या आणि लहान नोटांत न्या. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घरात हा विषय जरा जास्तच चघळला गेला, त्यालाही कारण आहे. हे करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले आणि मी एका सहकारी बँकेत कॅशियर होते. म्हणजे जन्मभर ह्यांनी नोटा छापल्या आणि मी मोजल्या. 1928 साली नाशिकरोडला ही प्रेस सुरू झाली, तोवर आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. हे वाक्य ह्यांनी जहाजावर किमान तीन देशांच्या लोकांना ऐकवलं असेल.

लेक-जावई न्यू जर्सीला असतात. त्यांनी पोर्टो रिकोच्या सॅन हुआन बंदरातून सुटणारं जहाज ठरवलं. वाटेत सेंट थॉमस, सेंट मार्टिन, अँटिग्वा, सेंट लुसिया आणि बार्बाडोस. बेटांवरून पुन्हा अमेरिकेच्या हद्दीत यायचं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. तेवढं आधी बघून ठेवा.

धाकट्या दिरांचा सल्ला होता, "वहिनी, प्रत्येक बेटाचं थोडं थोडं चलन इथूनच घेऊन जा, तिकडे गेल्यावर लुटतात." मी शरणपूर रोडवरच्या एका फॉरेक्सवाल्याकडे बार्बाडोसचे डॉलर मागितले. काउंटरवरच्या मुलाने आधी माझ्याकडे आणि मग मालकाकडे बघितलं. असं चलन नाशिकला मिळत नाही, मुंबईलाही सहज मिळेल असं वाटत नाही. ठीक आहे, म्हटलं, अमेरिकन डॉलर द्या. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट, सगळ्याच्या झेरॉक्स झाल्या. नियम असा की एका माणसाला एका प्रवासासाठी रोख नोटा 3,000 डॉलरपर्यंतच मिळतात, बाकीचे कार्डावर घ्यायचे. शिवाय परकीय चलन घेताना रुपये रोख देणार असाल तर 50,000 च्या आतच, त्याहून जास्त असेल तर चेक किंवा ऑनलाइन.

त्याने शंभराच्या नोटांची गड्डी पुढे केली. मी ती परत सरकवली.

"मॅडम, शंभरच्याच आहेत. लहान नोटा येतच नाहीत."

"एकच्या, पाचच्या हव्यात. नसतील तर वीसच्या."

"एकच्या कशाला हो? तिकडे एका डॉलरला काय मिळतं?"

काउंटरच्या त्या बाजूला मी इतकी वर्षं बसले आहे, की लहान नोटा कुठल्या खणात असतात ते मला तोंडावरून कळतं. चहा आला, तो पिऊन झाला, आणि मग खालच्या ड्रॉवरमधून एकच्या नोटांचं एक मळकट बंडल निघालं. हे लगेच पुढे सरसावले. एकेक नोट घेऊन कडा बघितल्या, अंगठा फिरवला आणि फाटक्या, शाईचे डाग पडलेल्या अशा काही परत केल्या. मुलगा वैतागला, पण ह्यांचं बरोबर होतं. बाहेर डॉलरची जराशी फाटलेली नोटही पुष्कळ जण नाकारतात.

प्रत्यक्ष जहाजावर रोख पैशांना काही काम नसतं. खोलीच्या किल्लीचं जे कार्ड तेच पैशाचं कार्ड. त्यामागे जावयाचं क्रेडिट कार्ड जोडलेलं, हिशेब अमेरिकन डॉलरमध्ये आणि टिप्सचे पैसे माणशी रोजच्या दराने आपोआप लागतात. नोटा उपयोगी पडल्या त्या आमची खोली आवरणाऱ्या मुलाच्या हातावर ठेवायला. एक मात्र ध्यानात ठेवा, रिसेप्शनच्या काउंटरवर शंभराचे सुटे मिळतात. बेटावर उतरायच्या आदल्या संध्याकाळीच घ्या, सकाळी तिथे रांग लागते.

सेंट थॉमसला विचार करायची गरजच नव्हती. हे अमेरिकेचं बेट, 1917 मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून घेतलेलं. पैसा अमेरिकेचा, गाड्या मात्र आपल्यासारख्या डाव्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी सेंट मार्टिन. एवढंसं बेट, पण 1648 पासून अर्धं डचांचं आणि अर्धं फ्रेंचांचं. डच बाजूचं अधिकृत चलन म्हणजे कॅरिबियन गिल्डर. तेही 31 मार्च 2025 पासून नवीन आलेलं, एका डॉलरला 1.79. पण दिवसभरात मला त्याची नोट कुणाच्या हातात दिसली नाही. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सगळ्या पाट्या डॉलरच्या. तिथली कितीतरी दागिन्यांची आणि घड्याळांची दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. एकाने लांबूनच हाक मारली, "कहाँ से? नासिक? अंगूरवाला नासिक?" आणि मग हिंदीतून घासाघीस झाली. रोख डॉलर काढले की भाव खाली येतो, हे तिथेही खरं. फ्रेंच बाजूला मारिगोला गेलात तर चलन युरो. एका कॅफेने रोख डॉलर युरोच्या बरोबरीने घेतले. युरो महाग असल्यामुळे तिथे डॉलर देणाराच फायद्यात. कार्डाने दिले असते तर हा फायदा गेला असता.

खरी गंमत अँटिग्वापासून सुरू होते. इथे ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, बोलीत नुसतं ईसी. सहा स्वतंत्र देश आणि अँग्विला, मॉन्टसेरात ही दोन ब्रिटिश बेटं मिळून एकच चलन. त्यांची मध्यवर्ती बँक सेंट किट्सच्या बासेतेर गावात आहे. दर 1976 पासून ठरलेला: एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईसी. पेपरात रोज भाव बघायची भानगड नाही. घोळ वेगळाच आहे. दोघांनाही लोक 'डॉलर'च म्हणतात आणि पाटीवर नुसतं '$' रंगवलेलं असतं. टॅक्सीवाला 'चाळीस' म्हणाला तर ते चाळीस अमेरिकन असतील किंवा चाळीस ईसी, म्हणजे अमेरिकन पंधराच्या आसपास. म्हणून गाडीत बसायच्या आधी एकच विचारायचं: "यूएस ऑर ईसी?" हे तीन शब्द ह्यांनी इतके पाठ केले की नातीने त्यांचं नावच 'ईसी आजोबा' ठेवलं.

बंदराबाहेर एक बाई शहाळी फोडून देत होती. आमच्या पुढे जहाजावरचंच एक गोरं जोडपं होतं. तिने "ट्वेंटी" म्हणताच त्या गृहस्थाने अमेरिकन वीसची नोट काढून दिली. बाईने कोयता बाजूला ठेवला, नोट त्याच्या खिशात परत कोंबली आणि हसत ओरडली, "ईसी, डार्लिंग, ईसी!" मग त्याच्या पाकिटातून स्वतःच बोटाने दाखवून आठ सुटे डॉलर घेतले. खऱ्या दराने साडेसात झाले असते. तो अर्धा डॉलर मी लूट मानत नाही. 2.70 च्या ऐवजी 2.50 धरणं हा तिथला रस्त्यावरचा सोपा भाव आहे. वीस-तीस डॉलरच्या खर्चासाठी बँकेत जाऊन रांग लावण्यापेक्षा तो परवडतो.

मोठी नोट दिली की मात्र सुटे ईसीमध्ये येतात. अमेरिकन पन्नास द्या आणि मूठभर ईसी घ्या, असं होतं, मग दुपारभर ते संपवत बसा. एकच्या आणि पाचच्या नोटांचा माझा हट्ट होता तो याचसाठी. अँटिग्वात उरलेले ईसी आम्हाला पुढे सेंट लुसियात चालले, कारण चलन तेच. पण हा योग प्रत्येक जहाजाच्या वाटेवर जुळेल असं नाही.

सेंट लुसियाला पिटॉन डोंगर बघण्यासारखे आहेत, समुद्रातून सरळ वर उठलेले. त्यांचे फोटो सगळीकडे आहेत, त्यामुळे मी लिहीत नाही. आमचे हे राजधानी कास्ट्रीजमध्येच अडकून पडले होते. त्यांना ईसीची शंभराची नोट हवी होती. तिच्यावर सर आर्थर लुईस आहेत, कास्ट्रीजमध्येच जन्मलेले, 1979 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. 37 अमेरिकन डॉलरला पडली. "बघायला 37 डॉलर?" असं जावई लेकीच्या कानात म्हणाला, मला ऐकू आलं. ईसीच्या नव्या नोटा 2019 पासून पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, आणि उभ्या आहेत. हे बाकावर बसून ती चुरगाळत होते, सोडत होते, ती पुन्हा सरळ होत होती. आपल्या नोटेचा कागद कापसाचा, त्याला घडी बसते आणि तो मळतो. "पण आवाज बघ," असं म्हणून ह्यांनी खिशातली आपली शंभराची नोट काढून कानाजवळ वाजवली. शेजारी बसलेला म्हातारा आधी दचकला, मग त्यानेही हात पुढे केला. गांधीजी लगेच ओळखले त्याने.

बार्बाडोसला हिशेब सगळ्यात सोपा: एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर, 1975 पासून. पाटीवरची किंमत निम्मी करायची की झालं. टॅक्सीला आणि दुकानात अमेरिकन चालतात. सरकारी बसने जायचं असेल तर मात्र साडेतीन बार्बाडोस डॉलर मोजून द्यावे लागतात, सुटे परत मिळत नाहीत. तेवढ्यासाठी थोडं स्थानिक चलन घेतलेलं बरं.

इथली पाचची नोट मला स्वतःला हवी होती. तिच्यावर सर फ्रँक वॉरेल आहेत. 1962 मध्ये इथेच, बार्बाडोसच्या राजधानीत ब्रिजटाऊनला, चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर बसून आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर कोसळले, तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेल्यांत विंडीजचा कर्णधार वॉरेल होता. माझे वडील ही हकीकत सांगताना दरवेळी उभे राहायचे. बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल चालत जाण्याइतकं जवळ आहे. 2024 च्या 29 जूनला आपण टी-ट्वेंटीचा वर्ल्डकप जिंकलो आणि रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं, ते हेच मैदान. फाटकाबाहेर रमकेक विकणाऱ्याला मी अमेरिकन दहा दिले आणि म्हटलं, सुटे वॉरेलच्या नोटांत दे. त्याने एकेक निवडून कोऱ्या काढल्या.

कार्डाबद्दल थोडं. आपल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशात साडेतीन टक्क्यांच्या आसपास वरचा आकार लागतो, शिवाय त्यावर जीएसटी. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड अमेरिकन हद्दीत उत्तम, पण बिल ईसीमध्ये किंवा युरोत झालं की त्यालाही बदलाचा आकार लागतो. आणि मशीनने 'रुपयांत घेऊ का?' असं विचारलं तर नाही म्हणा. त्यातला दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

उरलेल्या पैशांचं म्हणाल तर नाणी कुणी बदलून देत नाही, ती बंदरावरच्या दानपेटीत टाका. ईसीच्या नोटा नाशिकला कुणी घेणार नाही, त्या बेट सोडण्याआधी संपवा. अमेरिकन डॉलर 2,000 पर्यंत आपल्याजवळ ठेवता येतात, त्यावरचे परत आल्यापासून 180 दिवसांत बँकेला किंवा फॉरेक्सवाल्याला द्यावे लागतात. फॉरेक्सवाल्याचा घ्यायचा आणि द्यायचा भाव एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा, मग ठरवा.

धाकटे दीर आता हिवाळ्यात निघाले आहेत, पण त्यांची वाट वेगळी. त्यांचं जहाज बहामाला थांबतं, तिथे बहामाचा डॉलर आणि अमेरिकन डॉलर सारखेच. पुढे केमन बेटं. तिथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा भारी आहे, एका केमन डॉलरला 1.20 अमेरिकन, आणि दुकानात बहुतेक 1.25 धरतात. त्यांना सांगून ठेवलंय, पाटीवर वीस दिसले तर पाकिटातून पंचवीस काढायचे.